‘इलाजा’च्या नावाखाली जुलूम : दाद कुठे मागायची?

समजा, सोलापुरातलं एक घर. मुलगा बावीस वर्षांचा, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. मोबाईलमधल्या मेसेजवरून घरच्यांना कळतं की त्याला मुली नाही, मुलं आवडतात. अम्मी रडते. अब्बा दोन दिवस बोलत नाहीत. तिसऱ्या दिवशी मामू एका आमिलचं नाव सुचवतात. आमिल म्हणतो, पोरावर जिन्नाचा असर आहे. धुरी होते, छडीने मारहाण होते, पैसे जातात. फरक पडत नाही म्हटल्यावर कुणीतरी डॉक्टरचं नाव सांगतं. तिथे गुंगीच्या गोळ्या सुरू होतात. मोबाईल काढून घेतलेला, खोलीला बाहेरून कडी. शेवटी सगळे एकमताने ठरवतात, निकाह लावून देऊ, आपोआप सुधारेल.

हे उदाहरण रचलेलं आहे. त्यातले टप्पे मात्र गेल्या काही वर्षांत देशभरातल्या न्यायालयांसमोर आणि बातम्यांत पुन्हा पुन्हा आलेले आहेत. या सगळ्या प्रकाराला इंग्रजीत ‘कन्व्हर्जन थेरपी’ म्हणतात. कन्व्हर्जन म्हटलं की आपल्याकडे लगेच धर्मांतर आठवतं, पण इथे धर्माचा संबंध नाही. समलिंगी किंवा ट्रान्सजेंडर व्यक्तीला औषध, शॉक, मारहाण, झाडफूंक किंवा दबाव टाकून ‘सरळ’ करण्याचा प्रयत्न, एवढाच याचा अर्थ.

अशा ‘इलाजा’त ज्याचं नुकसान झालं, त्याने जायचं कुठे? मोहल्ल्यात विचारलं तर उत्तर मिळतं, “कुठेच नाही. आई-बापावर केस करणार का?” हे उत्तर चुकीचं आहे. रस्ते आहेत, आणि त्यातले अनेक आई-बापाला जेलमध्ये पाठवणारे नाहीत. कोणता रस्ता धरायचा हे दोन गोष्टींवर ठरतं : नुकसान कुणी केलं, आणि पीडिताला नेमकं काय हवंय – सुटका, संरक्षण, भरपाई की शिक्षा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू

समलिंगी संबंधांबद्दल उलेमांचं मत काय आहे, हे वाचकांना माहीत आहे. हा लेख त्या चर्चेत जात नाही. ज्याला ते मत पूर्णपणे मान्य आहे, त्यालाही एक प्रश्न टाळता येत नाही : एखाद्या माणसाला बांधणं, मारणं, नशेत ठेवणं, मर्जीविरुद्ध त्याचा निकाह लावणं, याला परवानगी कुठे आहे? दुसऱ्याला इजा पोहोचवू नये हे फिक्हचं सर्वमान्य तत्त्व आहे. निकाहात इजाब-कबूल लागतं, म्हणजे दोघांची मर्जी लागते. मत एका बाजूला ठेवा, जुलूम हा जुलूमच राहतो.

याची किंमत आपल्या समाजाने एकदा फार मोठी मोजली आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडी इथे, दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खासगी मनोरुग्ण केंद्राला आग लागली. रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. पळता आलं नाही, २८ जणांचा जीव गेला. ते मानसिक आजाराचे रुग्ण होते, समलिंगी म्हणून आणलेले नव्हते. पण ‘असर आहे, दर्ग्यावर नेऊन सोडा, बांधून ठेवा’ ही विचारसरणी तीच. सर्वोच्च न्यायालयाने त्या घटनेची स्वतःहून दखल घेतली. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ९५ ने रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधायला सरळ बंदी घातली. त्यानंतरही जानेवारी २०१९ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बदायूंच्या एका श्रद्धास्थळी बांधून ठेवलेल्या रुग्णांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की हे अमानुष आहे, आणि राज्यघटनेच्या कलम २१ चा भंग आहे.

आजारच नाही, तर इलाज कशाचा?

अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये तेच केलं. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितलं की हा आजार नाही. ‘उपचाराने बदल होतो’ असा निष्कर्ष काढणारे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट स्पिट्झर यांनी २०१२ मध्ये आपल्या अभ्यासाबद्दल समलिंगी समाजाची माफी मागितली.

कायदा मात्र बराच काळ उलट्या बाजूला होता. २००१ मध्ये अशा ‘उपचारा’विरुद्धची एक तक्रार राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे गेली. आयोगाने ती घेतली नाही. तेव्हा कलम ३७७ जिवंत होतं, म्हणजे तक्रार करणाराच गुन्हेगार ठरण्याची भीती होती. ६ सप्टेंबर २०१८ च्या नवतेज सिंग जोहर निकालाने प्रौढांमधले संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले, आणि पीडिताला निर्भयपणे पोलीस ठाण्याची पायरी चढण्याची वाट मोकळी झाली.

पुढचं मोठं पाऊल मद्रास उच्च न्यायालयाचं. ७ जून २०२१ रोजी न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी लैंगिक कल बदलण्याच्या वैद्यकीय प्रयत्नांना मनाई केली, आणि असे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा परवाना काढून घेण्यापर्यंत कारवाई करायला सांगितलं. त्याच प्रकरणातून २५ ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सर्व राज्य वैद्यक परिषदांना पत्र लिहून कन्व्हर्जन थेरपी हे ‘व्यावसायिक गैरवर्तन’ ठरवलं. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही राज्यांना या प्रकाराला आळा घालण्याबद्दल लिहिलं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कन्व्हर्जन थेरपीला गुन्हा ठरवणारा संसदेचा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. कॅनडा, फ्रान्स, न्यूझीलंडने २०२२ मध्ये तसे कायदे लागू केले. आपल्याला वेगवेगळ्या कायद्यांतली कलमं गोळा करून काम भागवावं लागतं. म्हणूनच कोणतं कलम कुणावर चालतं, हे माहीत असणं जास्त गरजेचं आहे.

डॉक्टरने नुकसान केलं असेल तर

पहिलं हत्यार २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा. त्याच्या कलम ३ प्रमाणे एखादी व्यक्ती समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक कल्पनांप्रमाणे वागत नाही, एवढ्यावरून तिला मनोरुग्ण ठरवता येत नाही. कलम १८ प्रमाणे लैंगिक कलावरून उपचारात भेदभाव करता येत नाही. कलम २० क्रूर, अमानुष वागणुकीपासून संरक्षण देतं. कलम ९५ प्रमाणे भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक देता येत नाही, आणि अल्पवयीनाला तर पुनर्विलोकन मंडळाच्या परवानगीशिवाय देताच येत नाही.

दाखल करण्याचेही नियम आहेत. प्रौढ माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध दाखल करायचं तर कलम ८९ लागतं. दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासणी करावी लागते, गंभीर आजार असावा लागतो, आणि एका वेळी ३० दिवसांपर्यंतच ठेवता येतं. दाखल केल्याची खबर मंडळाला सात दिवसांत द्यावी लागते. महिला किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. “अब्बांनी सही केली, म्हणून ठेवून घेतलं” हे उत्तर कायद्यापुढे टिकत नाही. या कायद्याचा भंग केल्यास पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

याच कायद्यात एक सोय अशी आहे, जी प्रत्येक भीतीत जगणाऱ्या तरुणाने आजच करून ठेवावी. कलम १४ प्रमाणे कोणतीही प्रौढ व्यक्ती साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून, आपला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ नेमू शकते. तो नातेवाईकच असावा असं बंधन नाही, विश्वासातला मित्र किंवा मैत्रीण चालते. असा कागद असेल तर ‘मी बाप आहे, मी सांगतो म्हणून ठेवा’ हा जोर कमी होतो. कागदाची एक प्रत त्या मित्राकडे ठेवावी.

दुसरा रस्ता महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा. एमबीबीएस किंवा मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या डॉक्टरविरुद्ध इथे लेखी तक्रार करता येते. आयोगाच्या २०२२ च्या पत्राचा उल्लेख तक्रारीत जरूर करावा. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी त्यांच्या वेगळ्या परिषदा आहेत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, तक्रारही तिथेच. परिषद डॉक्टरला तंबी देऊ शकते, त्याचं नाव काही काळ किंवा कायमचं नोंदवहीतून काढू शकते. नियमाप्रमाणे सहा महिन्यांत निर्णय व्हायला हवा, प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो. परिषद भरपाई देत नाही, हेही लक्षात ठेवावं.

भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्ही. पी. शांता प्रकरणात पैसे घेऊन दिलेले उपचार ही ‘सेवा’ आहे असं सांगितलं, तेव्हापासून हा दरवाजा उघडा आहे. जो आजारच नाही त्याचा इलाज करतो म्हणून पैसे घेणं, ही सेवेतली त्रुटी आहे असं म्हणता येतं. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे ‘इलाज’ पुण्यात किंवा हैदराबादेत झाला असला तरी दावा सोलापूरच्या जिल्हा आयोगात दाखल करता येतो. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. मुदत दोन वर्षांची. जिथे सगळ्यांवरच मोफत उपचार होतात, त्या सरकारी दवाखान्याविरुद्ध मात्र हा रस्ता चालत नाही.

हा मार्ग किती पुढे नेतो, हे अमेरिकेतल्या एका खटल्यातून दिसतं. न्यू जर्सीत ‘जोना’ नावाची एक ज्यू धार्मिक संस्था समलिंगी तरुणांना ‘बरं करण्याचं’ आश्वासन देऊन पैसे घेत होती. तरुणांनी ग्राहक फसवणूक कायद्याखाली दावा लावला. जून २०१५ मध्ये ज्युरीने संस्थेला दोषी धरून सुमारे ७२ हजार डॉलर भरपाई ठरवली, आणि त्याच वर्षी संस्थेला दुकान बंद करावं लागलं. तिथे धर्म खोटा की खरा, यावर खटला झालाच नाही. प्रश्न एवढाच होता : पैसे घेऊन जे सांगितलं ते खरं होतं का?

आमिल, बाबा, मांत्रिक असेल तर

इथे महाराष्ट्र बाकी बऱ्याच राज्यांच्या पुढे आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच सरकारने अध्यादेश काढला आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. या कायद्याच्या अनुसूचीत पहिलंच कलम आहे ते भूत उतरवण्याच्या बहाण्याने केलेल्या छळाचं. दोराने किंवा साखळीने बांधणं, काठीने किंवा चाबकाने मारणं, पादत्राणं भिजवलेलं पाणी पाजणं, मिरचीची धुरी देणं, चटके देणं, केस उपटणं हे सगळं त्यात येतं. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. म्हणजे पोलिसांना एफआयआर घ्यावाच लागतो.

आपल्याकडे काही जणांना वाटतं की हा कायदा फक्त हिंदू बुवांसाठी आहे. तसं नाही. अध्यादेश निघाल्यानंतर लगेच नांदेडमध्ये जे पहिलं प्रकरण नोंदवलं गेलं, त्यातले आरोपी मुस्लिम होते. असाध्य आजार जादूने बरे करण्याच्या जाहिराती ते करत होते. उलट काही जणांना वाटतं की या कायद्याने दुआ, दम, कुरआनखानी बंद होईल. तेही खरं नाही. इबादत, दुआ, धार्मिक प्रवचन यांना कायदा हात लावत नाही. आपल्या मर्जीने दुआ मागून घेणाऱ्यावर आणि दुआ करणाऱ्यावर कुणीही केस करू शकत नाही. रेषा छळापाशी आहे, आणि ती ओळखायला फार अक्कल लागत नाही. दोर हातात आला, छडी उचलली, धुरी नाकाशी धरली, दार बाहेरून लावलं, की ती ओलांडली गेली.

घरच्यांनीच केलं असेल तर

सगळ्यात अवघड गोष्ट ही. मारणारा हात आणि जेवायला घालणारा हात एकच असतो. पीडिताला बहुतेक वेळा शिक्षा नको असते. त्याला फक्त बाहेर पडायचं असतं, आणि परत ओढून नेऊ नये एवढीच हमी हवी असते. त्यासाठी कायद्यात सोय आहे.

कुणाला डांबून ठेवलं असेल तर मित्र किंवा जोडीदार उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस याचिका करू शकतो. मे २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयात असंच प्रकरण आलं. दोन मुस्लिम तरुणी, एकीला नातेवाइकांनी नेलेलं. तरुणीला न्यायालयात हजर करण्यात आलं, तिची इच्छा विचारण्यात आली आणि दोघींना एकत्र राहण्याची मुभा मिळाली. कुणी जेलमध्ये गेलं नाही.

अशा याचिकांत काही न्यायाधीश मुलीला ‘समजावण्यासाठी’ समुपदेशनाला पाठवत होते. ११ मार्च २०२४ रोजी देवू जी. नायर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवलं. याचिका प्राधान्याने ऐका, व्यक्तीशी घरच्यांच्या गैरहजेरीत एकांतात बोला, याचिका करणारा कोण लागतो याची उलटतपासणी करत बसू नका, आणि समुपदेशनातून कुणाचा कल बदलण्याचा प्रयत्न करू नका, अशा सूचना दिल्या. त्या देशभरातल्या न्यायालयांना लागू आहेत.

सोलापूरकरांसाठी एक बदल महत्त्वाचा आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालं, आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आला. पूर्वी अशा याचिकेसाठी चारशे किलोमीटरवरच्या मुंबईला जावं लागायचं, आता कोल्हापूर. तेवढंही जमत नसेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०० प्रमाणे सोलापुरातल्याच दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करून डांबलेल्या व्यक्तीच्या शोधाचं वॉरंट मागता येतं.

मुलगी किंवा स्त्री असेल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा उपयोगी पडतो. तो फक्त नवरा-सासरच्यांसाठी आहे असा समज आहे, पण एकाच घरात राहणारे बाप, भाऊ यांच्याविरुद्धही त्याखाली संरक्षण मागता येतं. २०१६ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द काढून टाकले, त्यामुळे घरातल्या स्त्रियाही त्यात येतात. मानसिक छळही त्यात धरला जातो. दंडाधिकारी संरक्षणाचा आदेश देऊ शकतात, घरात राहण्याचा हक्क राखू शकतात, भरपाई देऊ शकतात. मूळ आदेश दिवाणी स्वरूपाचा असतो, तो मोडला तरच गुन्हा होतो. मार्च २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लिंगबदल शस्त्रक्रिया केलेल्या ट्रान्स महिलेलाही या कायद्याचं संरक्षण मिळू शकतं असं सांगितलं. ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीचा २०१९ चा कायदा झाला तेव्हा त्याच्या कलम १८ ने त्यांना घराबाहेर काढणं आणि त्यांचा शारीरिक, मानसिक छळ करणं यासाठी सहा महिने ते दोन वर्षांची शिक्षा ठेवली.

अठरा वर्षांखालचं मूल असेल तर बाल न्याय कायद्याचं कलम ७५ आहे, बाल कल्याण समिती आहे, आणि १०९८ हा फोन नंबर आहे.

प्रकरण गंभीर असेल, किंवा पीडिताला शिक्षाच हवी असेल, तर भारतीय न्याय संहिता. साध्या मारहाणीवर पोलीस एनसी करून परत पाठवतात, कारण कलम ११५ चा तो गुन्हा अदखलपात्र आहे. पण डांबून ठेवणं, म्हणजे कलम १२७, हा दखलपात्र गुन्हा आहे. तीन दिवस किंवा जास्त डांबलं तर तीन वर्षांपर्यंत, दहा दिवस किंवा जास्त डांबलं तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा. इजा करण्याच्या हेतूने गुंगीचं औषध देणं कलम १२३ मध्ये येतं. तक्रार लिहिताना ‘मारलं’ एवढंच न लिहिता किती दिवस कोंडलं, काय पाजलं, हे तारखांसह लिहिलं तर प्रकरण एनसीवर थांबत नाही. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही, झिरो एफआयआर घ्यावा लागतो. ठाण्यात ऐकलं नाही तर शहरात पोलीस आयुक्त, ग्रामीण भागात पोलीस अधीक्षक, आणि तिथेही नाही तर दंडाधिकारी.

निकाहाचा ‘इलाज’

आपल्याकडे सगळ्यात जास्त वापरला जाणारा उपाय हाच आहे, आणि त्याला कुणी जुलूम म्हणत नाही. त्यात एकाऐवजी दोन आयुष्यं मोडतात. मुलाचं मन वळलं नाही तर शिक्षा त्या मुलीला होते, जिला काहीच सांगितलेलं नसतं. वर्षभरात ‘हिच्यातच दोष आहे’ असं ऐकून घ्यायची वेळ तिच्यावर येते. तिलाही कायद्यात जागा आहे. १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्याखाली नवऱ्याने तीन वर्षं विनाकारण वैवाहिक कर्तव्य पाळलं नाही किंवा क्रूरता केली तर ती फस्ख मागू शकते, खुलाचा रस्ता आहे, मेहेर आणि पोटगीचा हक्क आहे. पण एवढं सगळं करावं लागण्याआधी निकाहच्या मजलिशीत बसणाऱ्या वडीलधाऱ्यांनी एकदा विचारायला काय हरकत आहे : मुलाची मर्जी आहे ना, आणि मुलीला सगळं सांगितलंय ना?

अडचणी खऱ्या आहेत

कायदा कागदावर सोपा दिसतो. प्रत्यक्षात तीन गोष्टी आड येतात.

पहिली, पुरावा. खोलीत कोंडलेल्या माणसाकडे पुरावा कुठून येणार? म्हणून सुटका झाल्यावर पहिल्या दिवसापासून गोळा करायला लागावं. औषधांची पाकिटं, चिठ्ठ्या, पावत्या, ऑनलाइन पैसे दिल्याची नोंद, मेसेज, अंगावरच्या खुणांचे फोटो. सरकारी दवाखान्यात जाऊन जखमांची नोंद करून घ्यावी. उपचारांचे कागद मागणं हा रुग्णाचा हक्क आहे, लेखी मागणी केल्यावर डॉक्टरने ते ७२ तासांत द्यायचे असतात.

दुसरी, वेळ. ग्राहक आयोगाला दोन वर्षं. एक वर्षापर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायालयाने दखल घेण्याची मुदत एक वर्ष, तीन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात तीन वर्षं. मनाला सावरायलाच एवढा वेळ जातो, हे खरं आहे. म्हणून केस नंतर करायची असली तरी वकिलाचा सल्ला लवकर घ्यावा.

तिसरी, पैसा आणि एकटेपण. वकील परवडत नसेल तर सोलापूरच्या जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, हेल्पलाइन १५१००. महिला आणि मुलांना उत्पन्नाची अट नाही. मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २७ तर सांगतं की मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. म्हणजे ज्याला मनोरुग्ण ठरवून दाखल केलं, तो त्याच शिक्क्याच्या आधारावर मोफत वकील मागू शकतो. एकटेपणावर कलम नाही. मन फार खचलं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो. जिवाला धोका असेल तर ११२.

या अडचणी वेळेत सुटल्या नाहीत तर काय होतं, ते मे २०२० मध्ये शेजारच्या गोव्यात दिसलं. केरळमधली २१ वर्षांची एक विद्यार्थिनी तिथे मृतावस्थेत सापडली. दोन महिने आधी तिने व्हिडिओ करून सांगितलं होतं की घरच्यांनी तिला केंद्रांत डांबलं आणि जबरदस्तीने औषधं दिली. तिच्या मृत्यूनंतर केरळमध्ये ‘क्वीरला’ ही संस्था उच्च न्यायालयात गेली, आणि डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने सरकारला मार्गदर्शक तत्त्वं बनवायला सांगितलं. तत्त्वं तिच्यासाठी उशिराच आली.

मोहल्ल्याने काय करायचं?

यातलं बरंचसं काम न्यायालयाच्या आधीचं आहे. अम्मी-अब्बा सगळ्यात आधी इमामसाहेबांकडे किंवा ओळखीच्या डॉक्टरकडे जातात. इमामांनी एवढंच सांगितलं की “मारू नका, बांधू नका, पोराला घराबाहेर काढू नका”, तर अनेक प्रकरणं तिथेच थांबतील. त्यासाठी त्यांना आपलं मत बदलावं लागत नाही. आपल्या समाजातल्या डॉक्टरांनी “याला औषध नाही, कारण हा आजार नाही” हे एक वाक्य स्पष्टपणे सांगितलं, तर आमिलच्या दारातली निम्मी गर्दी कमी होईल. सोलापूरच्या कोर्टात आपले कितीतरी वकील आहेत. त्यांच्यापैकी दोघांनी जरी अशी प्रकरणं नाव गुप्त ठेवून पाहायची तयारी दाखवली, तरी एखादा पोरगा रात्रीच्या गाडीने पुणे-मुंबईला पळून जाण्याऐवजी सकाळी त्यांच्या ऑफिसात येऊन बसेल.

इज्जतीचा प्रश्न आहे, हे मान्य. पण घरातलं लेकरू कोंडून ठेवून राखलेल्या इज्जतीची बातमी एक दिवस पोलीस ठाण्यातूनच बाहेर येते. ती वेळ येण्याआधी दाराची कडी आतून उघडली, तर कुठल्याच कलमाची गरज पडणार नाही.